किरिनामी बुडाली तो दिवस

किरिनामी नावाच्या जपानी विनाशिकेने दुसऱ्या महायुद्धात सगळ्यांत जास्त काय केलं असेल, तर तांदूळ वाहिला. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी नागपूरची, टोरांटोच्या स्कारबरोत एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते, आणि युद्धाचा अनुभव म्हणाल तर पुण्याच्या माणसाशी लग्न केलं एवढाच. पण २०१० च्या जूनमध्ये ही विनाशिका आमच्या बेसमेंटमध्ये येऊन लागली आणि पुढे कित्येक आठवडे हलली नाही.

तिला आणलं शेजारच्या मिसेस हामादांनी. या बाई पंच्याहत्तरीला टेकलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आईवडील जपानचे, पण त्यांचा स्वतःचा जन्म व्हँकुव्हरजवळच्या एका मासेमारी गावातला, म्हणजे कॅनेडियन म्हणून त्या आमच्याहून साठेक वर्षांनी सीनियर. दर हिवाळ्यात माझा नवरा देवदत्त त्यांच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हलने काढतो आणि डिसेंबरात त्या आम्हाला संत्र्यांची पेटी देतात. नागपूरच्या माणसाला संत्री देणं हे धाडस आहे, पण त्यांना ते कोणी सांगितलेलं नाही. त्या इंग्रजी बोलतात, फार थोडं. मी ते इथे मराठीत लिहिते आहे, कारण इतक्या थोडक्यात इंग्रजी बोलायला मला कधी जमलेलं नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवावं तशा त्या आल्या. पंधरा मिनिटं प्रिंटरबद्दल बोलल्या. मग पर्समधून दोन कागद काढून टेबलावर ठेवले.

त्यांचा मोठा भाऊ तोशिओ. चौदाव्या वर्षी त्याला शिकायला जपानला आजोबांकडे पाठवलं. तो परत यायच्या आत युद्ध लागलं, तिकडच्या सरकारने त्याला नौदलात घातला आणि किरिनामीच्या बॉयलरवर राबायला लावला. १९४३ साली ती पॅसिफिकमध्ये सॉलोमन बेटांजवळ बुडाली. तोशिओ तिच्याबरोबर गेला. टोरांटोच्या दफनभूमीत त्यांच्या आईचा दगड आहे, त्याच्यावर आईने स्वतःच्या नावाखाली एका नावाची जागा मोकळी सोडायला सांगितली होती. ती जागा एकोणचाळीस वर्षं मोकळी होती. आता येत्या वसंतात मिसेस हामादा व्हँकुव्हरला मुलीकडे राहायला जाणार होत्या, आणि जायच्या आधी त्यांना तिथे भावाचं नाव आणि तारीख कोरून घ्यायची होती.

पंचाईत तारखेची होती. १९४७ साली जपानहून आलेल्या सरकारी कागदावर ११ नोव्हेंबर होती. नातवाने इंटरनेटवरून काढून दिलेल्या अमेरिकन रिपोर्टमध्ये १२ नोव्हेंबर. कोरणाऱ्याने बजावलं होतं की ग्रॅनाइट आहे, खोडरबर चालणार नाही.

"तुम्ही चुका शोधता ना?" त्यांनी देवदत्तला विचारलं.

शोधतो. एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये तो टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातली चूक काढायचा त्याला पगार मिळतो. घरी तो हे फुकट करतो.

त्या दिवसापासून आमच्याकडे जेवताना किरिनामी. देवदत्तने एक्सेल शीट केली, एका दिवसाला एक ओळ. सकाळी अमुक बंदरातून निघाली, संध्याकाळी तमुक बंदरात पोचली. विनाशिका म्हटल्यावर मला वाटलं होतं, काही विनाश वगैरे करत असेल. तसा एकदोनदा केला तिने. पण बहुतेक काळ ती किराणा पोचवत होती. बेटांवर जपानी शिपाई उपाशी पडले होते आणि मालवाहू जहाजं दिवसाउजेडी गेली की विमानं ती बुडवत. म्हणून तेलाच्या रिकाम्या पिंपांत तांदूळ भरायचे, पण गच्च नाही, तरंगायला हवीत. पिंपं दोराने एकमेकांना बांधायची, अंधारात बेटाजवळ जाऊन समुद्रात ढकलायची आणि पळ काढायचा. किनाऱ्यावरच्यांनी दोर ओढून घ्यायचा. बहुतेक पिंपं भलतीकडेच वाहून जात. एकदा दोनशे पिंपं ढकलली, त्यातली तीस पोचली. एकदा ती आपल्याच तेलवाहू जहाजाला धडकली आणि दोन महिने गोदीत दुरुस्तीला पडली. देवदत्तला हे दोन महिने फार आवडले, कारण सगळ्या ओळी सारख्या होत्या.

"डॅड, इट्स अ बोट. इट सँक," आमची मुलगी ऊर्मी म्हणाली आणि ताट उचलून गेली.

ऑगस्टच्या शेवटी देवदत्त बेसमेंटमधून वर आला तो चेहरा उजळूनच. "चित्रा, बग नाहीये! दोन्ही कागद करेक्ट आहेत."

गंमत अशी होती की जपानी नौदल जगात कुठेही असो, घड्याळ टोकियोचंच लावायचं. किरिनामीला टॉर्पेडो लागून ती बुडाली तेव्हा त्या घड्याळात अकरा तारखेच्या रात्रीचे अकरा वीस झाले होते. अमेरिकन मात्र त्या बेटांचं स्थानिक घड्याळ वापरत, ते दोन तास पुढे. त्यांच्या दृष्टीने बारा तारीख उजाडून पहाटेचा एक वीस झाला होता. क्षण एकच, कागदावर दिवस दोन.

"मग दगडावर काय घालायचं?" मी विचारलं.

"सिंपल आहे. घटना जिथे घडली तिथली तारीख. तो काही टोकियोत बुडाला नाही. बारा."

हा नियम आमच्या घरात नवा नव्हता. माझे सासरे पुण्यात गेले ते ८ फेब्रुवारी २००५ ला, मंगळवारी, पहाटे अडीच वाजता. पुण्याला धाकटा दीर नंदन त्यांचं श्राद्ध तिथीने करतो. आमच्याकडे तिथीचं जमत नाही, कारण पंचांग पुण्याच्या सूर्याचं आणि सूर्य स्कारबरोचा. म्हणून आम्ही तारखेने करतो, आठ फेब्रुवारी, देवदत्त रजा टाकतो, सोवळं नेसतो, मी खीर आणि वडे करते. पुण्यात मंगळवारचे पहाटेचे अडीच म्हणजे टोरांटोत सोमवारचे दुपारचे चार, सात तारीख. हे पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं आणि मी बोललेही. देवदत्त म्हणाला, "घटना जिथे घडते तिथली तारीख धरायची." त्यावर चर्चा नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही. का, ते सांगते पुढे.

रविवारी तो सगळ्या ओळी प्रिंट करून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मिसेस हामादांकडे गेला. अर्ध्या तासाने परत आला. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"थँक यू म्हणाल्या. चहा दिला. मग बारा, म्हणाल्या."

त्याला फार समाधान वाटलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये इतकं स्वच्छ उत्तर मिळत नाही म्हणे.

पण त्या आठवड्यात बाई बागेत दिसल्या नाहीत. एरवी पानं गळायच्या आत झाडू घेऊन उभ्या. बुधवारी मी बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्याकडे गेले. डायनिंग टेबलावर कोरणाऱ्याने पाठवलेला नमुन्याचा कागद पसरलेला होता. तोशिओ हामादा नव्हे, बाईंचं लग्नाआधीचं आडनाव, तोशिओ मोरी, १९२२, मग बारा नोव्हेंबर १९४३. वर पेन ठेवलेलं. सही नव्हती. शुक्रवारपर्यंत परत पाठवायचा होता.

"पेन चालत नाहीये का?" मी विचारलं.

"पेन चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी लाडू ताटलीत काढला, सुरीने त्याचे चार सारखे तुकडे केले (लाडवाचे!) आणि एक तुकडा खाऊन झाल्यावर सांगायला लागल्या.

युद्धात कॅनडा सरकारने किनाऱ्यावरची जपानी माणसं उचलली. इथे जन्मलेली असली तरी. घरं, बोटी विकून टाकल्या आणि माणसं डोंगरांतल्या छावण्यांत नेऊन ठेवली. मिसेस हामादा तेव्हा सात वर्षांच्या. छावणीत शाळा होती. १९४३ च्या अकरा नोव्हेंबरला, रिमेंबरन्स डेला, सकाळी अकरा वाजता शाळेच्या बाईंनी सगळ्या मुलांना उभं केलं. देशासाठी गेलेल्या सैनिकांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं, हलायचं नाही. ज्या देशाने कुंपणात ठेवलंय त्याच्यासाठी. मुलांना यातलं काही कळत नव्हतं. थंडी होती, सगळी चुळबुळत होती.

"मी हलले नाही," मिसेस हामादा म्हणाल्या. "बाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं."

चार वर्षांनी जपानचा कागद आला. आईने तारीख वाचली, वर्ष वाचलं, आणि मुलीला विचारलं, त्या दिवशी शाळेत तू उभी होतीस ना? हो. हलली नव्हतीस ना? नाही.

"माझ्या भावासाठी तेवढंच झालं," त्या म्हणाल्या. "शरीर नाही, भिक्षू नाही, धूप नाही. एक मुलगी दोन मिनिटं उभी राहिली. पुढे इथे टोरांटोत दर अकरा नोव्हेंबरला सगळे लोक कोटाला लाल पॉपीचं फूल लावून उभे राहायचे, तेव्हा आई पण उभी राहायची. शत्रूच्या जहाजावरच्या माणसासाठी. कोणाला कळत नसे. मरेपर्यंत ती मला सांगायची, तो गेला त्या दिवशी तू उभी होतीस, बरं झालं."

मी नमुन्याच्या कागदावरची तारीख पुन्हा वाचली.

"आता तुमचे मिस्टर म्हणतात बारा. म्हणजे मी उभी राहिले तेव्हा तो जिवंत होता. मी कोणासाठी उभी नव्हते. बारा तारखेला कोणीच काही केलं नाही. बारा तारखेला, मला वाटतं, आम्ही ब्लँकेटं धुतली."

त्यांनी दुसरा तुकडा उचलला. "त्यांनी खूप मेहनत घेतली," त्या म्हणाल्या. "लाडू चांगला आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी विचारलं नसतं तर त्यांच्या अकरा तारखेला कोणी हात लावला नसता. पण मला राग त्यांचा नव्हता. मी तरातरा घरी आले आणि चपलांसकट बेसमेंटमध्ये उतरले. देवदत्त नुकताच ऑफिसातून येऊन शीटमधल्या रंगीत चौकटी सारख्या करत बसला होता.

"मला एक सांग," मी म्हटलं. "छावणीतल्या घड्याळात अकरा नोव्हेंबरच्या सकाळचे अकरा वाजले तेव्हा तोशिओ जिवंत होता की नव्हता?"

"छावणीचा काय संबंध? घटना तर..."

"घटना खड्ड्यात गेली. जिवंत की मेलेला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे कीबोर्ड ओढला. टोकियोवरून ग्रीनिच, ग्रीनिचवरून डोंगरातली छावणी. तेवढ्यात मी त्याला त्या मुलीच्या दोन मिनिटांचं सांगितलं. युद्धात कॅनडाने घड्याळं वर्षभर एक तास पुढे ठेवली होती, ते त्याला मध्येच आठवलं, मग त्याने पुन्हा सगळं केलं. दोनदा तपासलं. त्याची मान खाली गेली ती मला पाठमोरी दिसली.

"सकाळचे सात वीस," तो म्हणाला. "अकरा तारीख. ती उभी राहिली तेव्हा त्याला जाऊन तीन तास चाळीस मिनिटं झाली होती."

"आणि तू बारा सांगून आलास."

"बारा चूक नाहीये, चित्रा. तिथे बाराच होती."

आता मला राहवलं नाही. "तुझं हे नेहमीचं आहे," मी म्हटलं. "जिथे घडलं तिथला दिवस धरला की आपण कुठे होतो ते बघावं लागत नाही."

बोलले आणि जीभ चावली. कारण सोमवारी सात फेब्रुवारीला दुपारी चार वाजता तो कुठे होता ते मला माहीत होतं. नंदनचा फोन घरी आला सव्वाचारला. मी देवदत्तच्या डेस्कवर फोन केला. तो दुसऱ्याच कोणी उचलला. मागे माणसं हसत होती, टाळ्या वाजत होत्या, ग्लेन नावाचा कोणी रिटायर होत होता. देवदत्त फोनवर आला तो तोंडात घास घेऊन, हसतच म्हणाला, "हां, बोल." आणि मी बोलले. त्या घासावर सांगितलं. पुढे तो दोन दिवसांनी पुण्यात पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. पाच वर्षांत मी त्या फोनबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मंगळवार धरून त्याला बरं वाटत असेल तर वाटू दे, म्हटलं. मंगळवारी तो रडत होता. मंगळवारी तो चांगला मुलगा होता.

बेसमेंटमध्ये एसीचा पंखा सुरू झाला, घरघरला, बंद झाला.

"चॉकलेट केक होता," देवदत्त म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दुसरा पीस घेतला होता मी. बाबा गेले तेव्हा मी दुसऱ्या पीससाठी लाइनमध्ये उभा होतो."

मग तो उठला आणि तसाच, घरातल्या स्लिपर घालून, फोल्डरबिल्डर न घेता शेजारी गेला. मी मागोमाग.

दार उघडल्या उघडल्या तो म्हणाला, "अकरा. माझी चूक झाली." उंबऱ्यावरच उभा राहून त्याने सात वीसचा हिशोब सांगितला. मिसेस हामादांनी तो बोटांवर मोजून पाहिला. आठ, नऊ, दहा, अकरा. वीस मिनिटं वजा.

"नक्की?"

"नक्की."

"मग आधी बारा का सांगितलंत?"

तो नियमाचं काही सांगेल असं मला वाटलं. त्याने वडिलांचं सांगितलं. फोन, केक, ग्लेन, दुसरा तुकडा. चार-पाच वाक्यांत, त्यांच्याइतकं थोडक्यात. मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून इतकं कमी इंग्रजी ऐकलेलं नाही.

"पण तुम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तुम्हालाही नव्हतं."

"खरं आहे." त्यांनी विचार केला. "पण मी उभी होते आणि तुम्ही केक खात होतात."

यात काही टोमणा नव्हता. दोन ओळी शेजारी शेजारी ठेवाव्यात तसं त्यांनी ते ठेवलं. देवदत्तने मान डोलावली.

"वडिलांना गोड आवडायचं?" त्यांनी विचारलं.

"डायबिटीस होता. चोरून खायचे."

"मग ते तुमच्यावर रागावणार नाहीत," मिसेस हामादा म्हणाल्या आणि आत गेल्या. टेबलाशी बसून त्यांनी बारावर रेघ मारली, वर अकरा लिहिलं, सही केली आणि कागद पाकिटात घातला. मग उरलेल्या लाडवाचे तीन वाटे करून आम्हाला बसायला सांगितलं.

अकरा नोव्हेंबरला गुरुवार होता. देवदत्तने अर्धी रजा घेतली, मी डेंटिस्टला दात दुखतो म्हणून सांगितलं. दगडावर आईखाली तोशिओ मोरीचं नाव आलं होतं, अकरा तारीख स्वच्छ कोरलेली. मिसेस हामादांनी वाटीभर भात ठेवला. दोनशे पिंपं तांदूळ ढकलून झाल्यावर ही एक वाटी त्याला पोचली. अकरा वाजता आम्ही तिघं कोटाला पॉपी लावून उभे राहिलो. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला रडूही येत होतं, त्यामुळे सोय झाली. मिसेस हामादा हलल्या नाहीत.

डिसेंबरात संत्र्यांची पेटी आली. त्या वर्षीची खरंच गोड होती, पण मी त्यांना तसं सांगितलं तर देवदत्त म्हणाला, तू नागपूरला कळू देऊ नकोस.

२०११ ची सात फेब्रुवारी सोमवारीच आली. देवदत्त नेहमीसारखा ऑफिसला गेला, रजा दुसऱ्या दिवशीची होती. मी डेंटिस्टकडे डेस्कवर होते. बरोबर चार वाजता माझा फोन वाजला. त्याचा होता.

"हॅलो," मी म्हटलं.

तो बोलला नाही. मागे ऑफिसचा आवाज येत होता, कोणाची तरी खुर्ची, प्रिंटर, लांबून कोणीतरी हसलं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मला कळलं. मी उठून उभी राहिले. समोर तीन पेशंट बसले होते, ते माझ्याकडे बघायला लागले. बघेनात का. मी फोन कानाला धरून उभी राहिले, आणि तिकडे तोही उभा होता, हे मला कोणी सांगायला नको होतं.

चार वाजून दोन मिनिटांनी तो म्हणाला, "येताना दूध आणू का?"

"आण," मी म्हटलं. "उद्याच्या खिरीला लागेल. दोन पिशव्या आण."